‘घरबसल्या’ या शब्दाविषयीं थोडेंसें

अलीकडे आपल्या भाषेंत ‘घरबसल्या’ हा शब्द फार बोकाळला आहे. जाहिरातींत तो आहे, महिलामंडळांतील व्याख्यानांत तो आहे, उद्योगमार्गदर्शनाच्या शिबिरांत तो आहे. आणि ज्या स्त्रिया स्वतःच्या हातानें कांहीं घडवून विकतात त्यांच्याविषयीं गौरवानें बोलतांना तर तो आल्यावांचून राहतच नाहीं. ‘घरबसल्या दागिने करते हो, मुलाकडे पाहणेंही होतें आणि चार पैसेही सुटतात!’ असें म्हणणाऱ्याच्या मनांत वाईट कांहीं नसतें हें आम्ही जाणतों. परंतु ज्या शब्दांमागें वाईट हेतु नसतो तेच शब्द पुष्कळदां अधिक नुकसान करतात. कारण त्यांची झडती घेण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. ती झडती आज घ्यावी असें आम्हीं योजिलें आहे. जी स्त्री घरीं काम करते ती ‘बसलेली’ असते हें या शब्दांतील एक असत्य. आणि घरांत झालेल्या कामाला खर्च लागत नाहीं हें त्याच्या पोटांत दडलेलें दुसरें. दुसरें पहिल्याहून वाईट आहे, कारण त्यावर आपण सर्वजण पैसे वाचवीत असतों.

विषय सुचला तो पुस्तकें वाचून नव्हे. गेल्या पौषांत आमच्या नातीचें बोरन्हाण होतें. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हां तरी लहान मुलाला काळें झबलें घालून, हलव्याच्या दागिन्यांनीं मढवून, त्याच्या डोक्यावरून बोरें, उंसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे ओतण्याचा हा आपला जुना, गोड समारंभ वाचकांस ठाऊकच आहे. दागिने आमच्याच पेठेंतील एका बाईंकडे सांगितले. मुकुट, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा व पैंजण असा सारा साज. किंमत ९०० रुपये. ‘घरचेंच तर काम आहे, थोडें कमी करा,’ असें म्हणणारे गृहस्थ दुसरे तिसरे कोणी नसून प्रस्तुत लेखकच होते. बाई हंसल्या व ७५० म्हणाल्या. दीडशें रुपये वाचविल्याच्या आनंदांत आम्ही घरीं आलों.

समारंभाच्या आदल्या रात्रीं साडेनऊच्या सुमारास दागिने आणण्यास गेलों तेव्हां काम संपलें नव्हतें. ‘काका, दोन मिनिटं बसा, एक पैंजण राहिलंय,’ असें म्हणून त्यांनीं आम्हांस खुर्ची दिली. स्वतः त्या भिंतीला टेंकून बसल्या होत्या. मांडीवर दोन-अडीच वर्षांचा मुलगा झोंपलेला, आणि त्याला धक्का लागूं नये म्हणून दोन्ही हात वर उचलून, दिव्याच्या बाजूला वांकडें होऊन त्या दोऱ्यांत हलव्याचे दाणे बांधीत होत्या. ‘हा झोपला की मगच हात चालतो,’ असें त्या म्हणाल्या. बोटांच्या टोंकांची कातडी पांढरी, जाड पडली होती. ‘या साजाला एकंदर किती तास लागले?’ असें आम्हीं विचारलें. तास त्यांनीं कधीं मोजलेच नव्हते. मोजण्याची संवय आम्हां शिक्षकांस असते, म्हणून आम्हींच ते मोजले. बांधणीला चार रात्रीं मिळून ११ तास; हलवा करण्यांत गेलेल्या वेळापैकीं या साजाच्या वांट्याला सुमारें ४. साखर, तीळ, दोरा, पुठ्ठा, जर यांचे १८० रुपये. म्हणजे राहिले ५७० आणि तास १५. तासाला ३८ रुपये! आमच्या पेठेंत तेवढ्यांत दोन पेले चहा येतो. आम्हीं ९०० दिले असते तर तासाला ४८ पडले असते. त्या भावानें आम्हीं ‘वाचविलेले’ दीडशें रुपये म्हणजे त्यांची एक पुरी रात्र होय.

ज्यांनीं हलवा होतांना पाहिला नाहीं त्यांच्याकरितां येथें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण ‘त्यांत काय आहे?’ हा प्रश्न न पाहिलेल्यांच्याच तोंडीं असतो. स्वच्छ पांढरे तीळ, किंवा खसखस, परातींत घालून ती परात अगदीं मंद आंचेवर ठेवावयाची. साखरेच्या पाकांत दूध घालून त्याची मळी काढावयाची, आणि तो पातळ पाक चमचा-अर्धा चमचा तिळांवर सोडून बोटांनीं हलक्या हातानें फिरवीत राहावयाचें. सुकला कीं पुन्हां अर्धा चमचा. आंच वाढली तर साखर पिंवळी पडते. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांस चिकटून गोळा होतो. हात थांबला तर कांटा येत नाहीं. आज केलेलें काम झांकून ठेवून उद्यां पुन्हां तेंच, परवां पुन्हां तेंच. असें कांहीं दिवस चालल्यावर त्या तिळाभोंवतीं तो शुभ्र, अणकुचीदार कांटा उभा राहतो. कोरडी थंडी त्याला मानवते. आभाळ आलें, हवा दमट झाली, कीं कांटा बसलाच. पुढें दागिना करावयाचा तर दाणा सुईनें ओंवतां येत नाहीं, फुटतो. म्हणून दोऱ्याच्या फांसांत एकेक दाणा अडकवून गांठ आवळावयाची. कांट्यांमुळें दोरा निसटत नाहीं हें खरें, पण गांठ जरा जोरानें ओढली गेली कीं तोच कांटा मोडतो. एका हारांत असे किती दाणे असतात तें वाचकांनीं पुढच्या संक्रांतीला स्वतः मोजून पाहावें. आणि हें सर्व मुंग्या व मूल या दोघांपासून राखून करावयाचें, कारण साखर दोघांनाही सारखीच आवडते.

ही स्त्री ‘बसलेली’ आहे काय? केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०२४ सालीं लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, बिनमोबदल्याचें घरकाम करणाऱ्या बायकांचे त्या कामांत दररोज सरासरी २८९ मिनिटें जातात, आणि तें करणाऱ्या पुरुषांचीं ८८. ‘फावला वेळ’ म्हणून जो म्हणतात तो यानंतरचा. म्हणजे फावल्या वेळचा उद्योग याचा सरळ मराठींत अर्थ झोंपेच्या वेळचा उद्योग असा होतो. हा अर्थ शिबिरांतील मार्गदर्शकांनीं फलकावर लिहून दाखविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

दुकानांतील वस्तूच्या किमतींत दुकानाचें भाडें, नोकराचा पगार, विजेचें बिल, मालकाचा नफा हीं सर्व असतात व तीं आपण मुकाट्यानें देतों. घरीं केलेल्या वस्तूच्या किमतींतही हीं सर्व असतातच. फक्त तीं गिऱ्हाइकाकडून न येतां त्या घराकडून येतात. जागा तिच्या घराची, दिवा तिच्या घराचा, सांभाळणारें कोणी नाहीं म्हणून मुलाचा भार तिच्याच मांडीवर. हा खर्च नाहींसा झालेला नसतो. तो आपल्या डोळ्यांआड गेलेला असतो, इतकेंच. घरचें म्हणून स्वस्त, या न्यायाची गंमत अशी कीं, ‘अगदीं घरच्यासारखें आहे हो!’ ही त्याच वस्तूची सर्वांत मोठी स्तुति म्हणूनही आपण वापरतों. गुण सांगतांना घर वर चढतें आणि पैसे देतांना खालीं उतरतें.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरांत आर्थर व जॉर्जी गॅस्किन हें कलावंत दांपत्य राहत असे. विल्यम मॉरिस यानें हस्तकौशल्याच्या पुनरुद्धाराची जी चळवळ चालविली तिच्या प्रभावाखालीं वाढलेलीं हीं मंडळी. त्यांनीं १८९९ पासून रुप्याचे व रंगीत खड्यांचे दागिने हातानें घडविण्यास आरंभ केला. त्यांच्या आराखड्यांत जॉर्जीबाईंचा वांटा फार मोठा होता, आणि त्या दोन मुलींच्या आई होत्या. त्यांच्या दागिन्यांस रसिकांनीं उचलून धरलें; ते आज संग्रहालयांत आहेत. आतां याच बर्मिंगहॅमपासून कांहीं मैलांवर क्रॅडली हीथ नांवाचें गांव आहे. तेथील बायका त्याच सुमारास आपल्या परसांतल्या लहान भट्टीवर लोखंडाच्या सांखळ्या ठोकीत असत, आणि त्यांचीं तान्हीं मुलें भट्टीच्या जवळपासच असत. धातु दोन्हींकडे, हात दोन्हींकडे, आई दोन्हींकडे. परंतु एकीच्या वस्तूस कला म्हटलें गेलें आणि दुसरीच्या वस्तूस मजुरी, तीही उपाशी ठेवणारी. १९०६ सालीं लंडनमध्यें ‘डेली न्यूज’ या पत्रानें अशा पिळल्या जाणाऱ्या धंद्यांचें एक प्रदर्शन भरविलें. त्यांत या कामगारांस प्रत्यक्ष काम करतांना लोकांपुढें बसविलें होतें. सुखवस्तु लोकांनीं तें पाहिलें, आणि आपण इतके दिवस काय विकत घेत होतों हें त्यांस कळलें. १९०९ मध्यें कायदा होऊन चार धंद्यांत किमान मजुरी ठरविण्याची सोय झाली. त्यांत सांखळ्यांचा धंदा होता. तरी मालक टाळाटाळ करूं लागले, तेव्हां १९१० सालीं मेरी मॅकार्थर हिच्या नेतृत्वाखालीं क्रॅडली हीथच्या बायकांनीं दहा आठवडे संप करून ताशीं अडीच पेन्स हा दर पदरांत पाडून घेतला.

आमच्या पेठेंतील बाई कौशल्यानें जॉर्जी गॅस्किनच्या पंक्तीला बसतात आणि मिळकतीनें क्रॅडली हीथच्या. त्यांचें दुर्दैव असें कीं, त्यांना संप करतां येत नाहीं. कारण संप करावा तर मालक कोठें आहे? आमच्याकडील २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घरीं काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या दिलेली आहे, व ती दिली हें उत्तमच झालें. पण त्या व्याख्येंत तो कामगार दुसऱ्या कोणा मालकाकरितां माल करणारा असावा लागतो. जिला मालकच नाहीं ती ‘स्वयंरोजगारी’ या दुसऱ्या शब्दांत जाते, आणि त्या शब्दाला तासाचा दर नसतो. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें १९९६ सालीं घरकामगारांविषयीं एक करार संमत केला. तो व्हावा म्हणून अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेच्या संस्थापिका इला भट यांनीं मोठी खटपट केली. भारतानें त्या करारास अद्याप मान्यता दिलेली नाहीं. अर्थात् ती दिली तरी हलव्याच्या हाराची किंमत जिनीव्हांत ठरणार नाहीं. ती आमच्या दारांत, आमच्या तोंडून ठरते. ज्या स्त्रीला मालक नाहीं तिचे मालक आपण गिऱ्हाईक आहों. आणि आम्हीं त्या दिवशीं जें केलें तें क्रॅडली हीथचे मालक करीत होते त्याहून निराळें कसें, हें आम्हांस अजून सांगतां आलेलें नाहीं.

यावर आमच्या स्नेहीमंडळींनीं जे आक्षेप घेतले त्यांपैकीं एकच विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतात, ‘बाईंना या कामाची आवड आहे, मुलाजवळ राहतां येतें हें सुख आहे, मग सगळें पैशांतच कां मोजावें?’ आवड आहे यांत संशय नाहीं. मुकुटाच्या मध्यावर खसखशीच्या बारीक हलव्याचें कमळ काढतांना त्यांच्या चेहऱ्यावर जें होतें तें आम्हीं पाहिलें आहे. तसा आनंद कलावंतासच होतो. परंतु आम्हांस शेक्सपियर शिकविण्याची आवड आहे म्हणून गेल्या तीस वर्षांत महाविद्यालयानें आमच्या वेतनांतून एक रुपयाही कापल्याचें स्मरत नाहीं. आम्ही उत्तरपत्रिका घरीं तपासतों. ‘घरबसल्या तपासतां, मग अर्धेच पैसे घ्या,’ असें विद्यापीठ कधीं म्हणालें नाहीं. आवडीचा दंड फक्त बायकांकडूनच कां वसूल व्हावा?

आणि घरांतील कामाविषयीं बोलावयाचें तर आमचीच साक्ष काढूं. आम्ही हा लेख घरींच लिहीत आहों. दार लोटलेलें आहे. बाहेर नात खेळत आहे, पण ‘आजोबा लिहिताहेत’ एवढ्या दोन शब्दांवर सारें घर पावलें हळू टाकतें. तीस वर्षें असेंच चाललें आहे. आमच्या मुलांना या दाराची भीति कोणीं घातली, आणि त्या वेळीं तीं मुलें कोणाच्या मांडीवर होतीं, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. व्हर्जिनिया वुल्फ हिनें १९२९ सालीं स्त्रीला लिहावयाचें तर स्वतःची खोली व वर्षाला पांचशें पौंड हवेत असें प्रतिपादिलें. तें पुस्तक आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविलें आणि टाळ्याही घेतल्या. त्या खोलीला कुलूप असावें असेंही तींत आहे. पण बाहेरून मूल दार ठोठावीत असेल तर कुलूप लावणारी आई कोण? वुल्फबाईंना मूल नव्हतें, म्हणून हा प्रश्न त्यांच्या विवेचनांत जितक्या तीव्रतेनें यावयास हवा तितका येत नाहीं, असें आमचें मत आहे. जी कला मांडीवर मूल घेऊन होते तिचा विचार खोलीच्या मापानें संपत नाहीं. बोरन्हाणाचा मुकुट बारा वेळां खालीं ठेवून तेराव्यांदा उचललेला असतो. त्या बारा वेळांचा हिशोब वरच्या पंधरा तासांत आम्हीं धरलेलाच नाहीं.

‘ही कला कसली? चार दिवसांत पाघळणार!’ असेंही एका विद्वान मित्रानें म्हटलें. त्यांच्या अंगणांतील रांगोळी दुसऱ्या दिवशीं राहते काय हें आम्हीं त्यांस विचारलें. जें खाऊन टाकण्यासाठींच केलें तें इतकें सुंदर करावें, यांत आम्हांस तरी संगमरवराहून मोठी उदारता दिसते. असो. कला नव्हे म्हणणाऱ्या याच समाजांत या बायकांच्या नमुन्यांची चोरी मात्र सर्रास होते. एकीनें महिनाभर डोकें खपवून नवा बाजूबंद बसवावा, त्याचें छायाचित्र वॉट्सॲपवर पाठवावें, आणि गिऱ्हाइकानें तेंच दुसरीकडे पाठवून ‘अगदीं अस्सा, शंभर रुपये कमींत करून द्याल का?’ असें विचारावें, हा आतां शिष्टाचारच झाला आहे. कवितेची ओळ उचलली तर आम्ही साहित्यिक मासिकांतून दोन-दोन वर्षें वाद घालतों. बाजूबंद उचलला तर ती काटकसर!

येथें करणाऱ्या स्त्रियांसही चार शब्द सांगणें प्राप्त आहे. ते त्यांना कडू लागतील. किंमत विचारली कीं ‘फावल्या वेळांत करते हो, काय द्यायचं ते द्या’ असें म्हणणें हा विनय नव्हे. त्यानें स्वतःचें नुकसान होतेंच, पण शेजारच्या गल्लींत जी दुसरी आई त्याच कामावर मुलाच्या शाळेची फी भरते तिचाही भाव पडतो. १९५९ सालीं गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला व त्यांतून ‘लिज्जत’ उभें राहिलें, ही कथा प्रत्येक शिबिरांत सांगितली जाते. परंतु त्यांतील ‘सात’ हा आंकडा ऐकणारणी विसरतात आणि ‘८०’ तेवढा लक्षांत ठेवतात. सातजणींनीं मिळून एक दर ठरविला तर गिऱ्हाइकाला सात दारीं एकच उत्तर मिळेल. कोणी म्हणेल, मग लोक प्लास्टिकच्या मण्यांचे तयार साज घेतील. घेऊं द्या कीं! ज्याला यंत्राची किंमत द्यावयाची आहे त्यानें यंत्राचाच माल घ्यावा. त्यांत लाज नाहीं. हाताचा माल मागावयाचा आणि यंत्राचा भाव सांगावयाचा, यांत आहे.

आमच्यापुरतें आम्हीं एक ठरविलें आहे. यापुढें अशा कामाची किंमत विचारण्यापूर्वीं तास विचारावयाचे; निम्मे पैसे सांगतेवेळींच द्यावयाचे; काम मार्गशीर्षांतच सांगावयाचें, म्हणजे कोणाला संक्रांतीच्या आदल्या रात्रीं मांडीवरचें मूल सांवरीत पैंजण बांधावें लागणार नाहीं. राहिलेले दीडशें रुपये दुसऱ्या दिवशींच देऊन आलों. बाईंनीं ते पुष्कळ आढेवेढे घेऊन घेतले, आणि वर नातीसाठीं वाटीभर हलवा दिला. तो फुकट घेतल्याबद्दल आमच्या सौभाग्यवतींनीं आम्हांस जें ऐकविलें तें या मासिकांत छापण्याजोगें नाहीं.

वरील मतांपैकीं एखादें आमच्या वाचकांस अमान्य असेल तर त्यांनीं अवश्य लिहावें. संपादक तें छापतील अशी आमची खात्री आहे. मात्र लेखणी हातीं घेण्यापूर्वीं त्यांनीं एक वाटी हलवा स्वतः करून पाहावा, आणि शक्य झाल्यास त्या वेळीं घरांतील सर्वांत लहान मूल आपल्याकडे मागून घ्यावें.